विश्लेषण : ‘चांगले’ जिवाणू सोडून कोळंबीच्या तळ्याचे पाणी खरेच सुधारते का?

कोळंबीच्या तळ्याकाठी खाद्याच्या गोण्या आणि एरेटर यांच्या जोडीला हल्ली आणखी एक वस्तू हमखास दिसते, ती म्हणजे प्रोबायोटिकचे पाकीट. पाणी स्वच्छ करणारे, तळाचा गाळ खाणारे, रोग रोखणारे जिवाणू अशी त्याची ओळख करून दिली जाते. प्रतिजैविकांवर बंदी असल्यामुळे शेतकऱ्याच्या हाती उरलेल्या मोजक्या उपायांपैकी हा एक आहे. पण हे जिवाणू तळ्यात नेमके काय करतात? त्यांच्यावरचा खर्च कधी वसूल होतो आणि कधी पाण्यात जातो?

हा विषय आताच का महत्त्वाचा?

भारताने २०२४-२५ मध्ये सुमारे १७ लाख टन सागरी उत्पादने निर्यात करून ६२ हजार कोटी रुपयांहून अधिक मिळवले. त्यात एकट्या गोठवलेल्या कोळंबीचा वाटा सुमारे ४३ हजार कोटींचा होता. म्हणजे मासळी निर्यातीच्या दर तीन रुपयांतले दोन रुपये कोळंबीचे. ही कोळंबी बहुतांशी जाळ्यात सापडलेली नसते, ती तळ्यात वाढवलेली असते. २००९ मध्ये व्हॅनामेई या मूळच्या प्रशांत महासागरातील पांढऱ्या कोळंबीच्या संवर्धनाला देशात परवानगी मिळाली आणि त्यानंतर या व्यवसायाचे रूपच बदलले. उत्पादनात आंध्र प्रदेश सर्वात पुढे आहे. महाराष्ट्राचा वाटा लहान असला तरी पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत खाड्यांलगत कोळंबी प्रकल्प आहेत.

या कोळंबीचा सर्वात मोठा ग्राहक अमेरिका. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा त्याचा धक्का थेट तळ्याच्या काठापर्यंत पोहोचला. शुल्काचे आकडे वर-खाली होत राहतील, पण यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. विक्रीचा भाव शेतकऱ्याच्या हातात नाही. त्याच्या हातात राहतात दोनच गोष्टी, एक खर्च आणि दुसरी मरतूक. प्रोबायोटिकचा संबंध या दोन्हींशी आहे. काम झाले तर मरतूक कमी होते, झाले नाही तर खर्च तेवढा वाढतो.

दुसरे कारण प्रतिजैविकांचे. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातील औषधांचा अंश सापडला तर परदेशात माल नाकारला जातो. युरोपीय संघाने २०१६ पासून भारतीय संवर्धित कोळंबीच्या तपासणीचे प्रमाण १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेले. त्यामुळे रोग आला की औषध टाकण्याचा जुना मार्ग बंद झाला आहे. रोग येऊच नये यासाठी पाणी सांभाळणे, हाच मार्ग उरतो.

तळ्याचे पाणी बिघडते कशाने?

साधा हिशेब मांडला तर उत्तर समोर येते. एक हेक्टरच्या तळ्यातून चार टन कोळंबी काढायची आहे आणि एक किलो कोळंबीसाठी दीड किलो खाद्य लागते, असे धरू. म्हणजे हंगामभरात सहा टन खाद्य तळ्यात पडेल. कोळंबीच्या खाद्यात साधारण ३५ टक्के प्रथिने असतात आणि प्रथिनांच्या वजनात १६ टक्के नायट्रोजन असतो. या हिशेबाने सहा टन खाद्यातून सुमारे ३३५ किलो नायट्रोजन पाण्यात येतो. कोळंबी त्यातला फार तर एक-तृतीयांश स्वतःच्या अंगात साठवते. उरलेला, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपास नायट्रोजन विष्ठा, न खाल्लेले खाद्य, टाकलेली कात आणि कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया या रूपांत तळ्यातच राहतो.

वाहत्या खाडीत ही घाण पांगून जाते. तळे मात्र बंद भांडे आहे. हंगामाच्या सुरुवातीला बीज बोटाच्या पेराहून लहान असते, खाद्य थोडे लागते आणि पाणी छान दिसते. साठ-सत्तर दिवसांनंतर रोजचे खाद्य अनेक पटींनी वाढलेले असते. तळ्याच्या मध्यभागी काळा गाळ साचू लागतो. बहुतेक तळी याच टप्प्यावर अडचणीत येतात.

याचे कोळंबीवर काय परिणाम होतात?

पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो. त्यातले एक रूप तुलनेने निरुपद्रवी, दुसरे विषारी. कोणते किती, हे पाण्याच्या सामूवर म्हणजे पीएचवर आणि तापमानावर ठरते. पाण्याचे तापमान ३० अंश आणि सामू ७.५ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम दोन-अडीच टक्के विषारी रूपात असतो. सामू ९ वर गेला की हेच प्रमाण ४० टक्क्यांच्या घरात पोहोचते. पाणी गर्द हिरवे झाले असेल तर शेवाळ दुपारच्या उन्हात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि सामू चढतो. त्यामुळे सकाळी सुरक्षित वाटणारे पाणी दुपारी घातक ठरू शकते.

अमोनियाचे रूपांतर होताना मधल्या टप्प्यावर नायट्राइट तयार होते. ते कोळंबीच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता कमी करते. खारेपणा जास्त असेल तर नायट्राइटचा त्रास कमी होतो. खारेपणा घटला की तेवढेच नायट्राइट जास्त बाधते. तिसरा शत्रू हायड्रोजन सल्फाइड. ऑक्सिजन न पोहोचणाऱ्या काळ्या गाळात तो तयार होतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. मासा पाण्यात वरच्या थरात पोहू शकतो. कोळंबी मात्र तळाशीच वावरते, तिथेच खाते आणि तिथेच कात टाकते. म्हणून तळ बिघडला की सर्वात आधी फटका तिला बसतो.

या ताणाने कोळंबी लगेच मरतेच असे नाही. ती खाणे कमी करते, वाढ खुंटते, प्रतिकारशक्ती घटते. एरवी पाण्यात गुपचूप असलेले रोगजंतू मग डोके वर काढतात.

‘चांगले’ जिवाणू म्हणजे कोणते?

बाजारातील पाकिटांत ढोबळमानाने चार गट आढळतात. पहिला बॅसिलस गट. हे जिवाणू गाळातील प्रथिने, पिष्ट आणि मेद यांचे विघटन करतात. प्रतिकूल परिस्थितीत ते स्वतःभोवती कवच करून बीजाणूच्या रूपात दीर्घकाळ टिकतात. त्यामुळे त्यांची कोरडी पूड करून विकणे सोपे असते. बहुतेक उत्पादनांत बॅसिलसच असण्याचे हेच कारण आहे.

दुसरा गट नायट्रीकरण करणाऱ्या जिवाणूंचा. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्रोबॅक्टर आणि नायट्रोस्पिरा पुढे नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट कोळंबीला बरेच कमी बाधते. मात्र हे जिवाणू अतिशय सावकाश वाढतात. बॅसिलसची संख्या अनुकूल स्थितीत तासाभरात दुप्पट होऊ शकते. यांना त्यासाठी बहुधा आठ तासांपासून एक-दोन दिवस लागतात. ते बीजाणूही तयार करत नाहीत. त्यामुळे कोरड्या पुडीत, उन्हाळ्यात दुकानाच्या फळीवर महिनोन् महिने ते जिवंत राहतील, या दाव्याकडे सावधपणेच पाहावे लागते.

तिसरा गट प्रकाशसंश्लेषी आणि गंधकावर जगणाऱ्या जिवाणूंचा. ते हायड्रोजन सल्फाइडचा निकाल लावतात. चौथा लॅक्टोबॅसिलस गट. दही लावणाऱ्या जिवाणूंचे हे भाऊबंद पाण्यात न टाकता खाद्यात मिसळून दिले जातात, कारण त्यांचे काम कोळंबीच्या आतड्यात असते. या चारही गटांची कामे वेगळी, गरजा वेगळ्या. ‘एकच पाकीट, सर्व उपाय’ हे म्हणूनच शास्त्राला धरून नाही.

रोग रोखण्यात त्यांचा उपयोग होतो का?

इथे प्रश्न व्हिब्रिओचा आहे. खाऱ्या पाण्यात हा जिवाणू नैसर्गिकरीत्याच असतो. त्याच्या काही जाती अंधारात चमकतात आणि हॅचरीतील पिल्लांचा फडशा पाडतात. २००९ नंतर चीन, व्हिएतनाम आणि थायलंडमध्ये तळ्यात बीज सोडल्यावर महिनाभरातच कोळंबी मरू लागली. थायलंडचे उत्पादन २०११ नंतरच्या दोन-तीन वर्षांत जवळपास निम्म्यावर आले. २०१३ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅरिझोना विद्यापीठातील डोनाल्ड लाइटनर यांच्या गटाने कारण शोधले. तो व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकस होता, पण साधा नव्हे. दोन विषारी प्रथिने बनवणारी जनुके त्याने एका फिरत्या जनुकीय तुकड्यातून मिळवली होती.

या घटनेने जगभरच्या संवर्धकांना एक धडा दिला. तळे पूर्ण निर्जंतुक केल्याने व्हिब्रिओ संपत नाही. रिकाम्या झालेल्या जागेत तोच सर्वात आधी वाढतो, कारण तो झपाट्याने वाढणारा जिवाणू आहे. त्यामुळे ती जागा आधीच इतर जिवाणूंनी व्यापलेली असावी, हा विचार पुढे आला. प्रोबायोटिकमागचे हेच सर्वात भक्कम तर्कशास्त्र आहे. इंडोनेशियातील तळ्यांचा डेव्हिड मोरिआर्टी यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याबाबत नेहमी सांगितला जातो. बॅसिलस न वापरणाऱ्या तळ्यांत चमकणाऱ्या व्हिब्रिओने ८० दिवसांच्या आतच कोळंबी गेली. बॅसिलस वापरणाऱ्या शेतात १६० दिवसांहून अधिक काळ संवर्धन चालले.

मात्र सर्व रोगांना हा तर्क लागू होत नाही. १९९० च्या दशकात भारतातील टायगर कोळंबीचे कंबरडे मोडणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग विषाणूमुळे होतो. सध्या वाढ खुंटवणारा ईएचपी हा बुरशीच्या जवळचा सूक्ष्मजीव आहे. कोळंबीच्या पेशीत शिरलेला विषाणू किंवा ईएचपी पाण्यात सोडलेल्या जिवाणूंनी बाहेर काढता येत नाही. तिथे रोगमुक्त बीज, सोडण्यापूर्वी पीसीआर चाचणी आणि दोन हंगामांच्या मध्ये तळे नीट वाळवणे हेच खरे उपाय आहेत.

पाण्याच्या गुणवत्तेबाबत संशोधन काय सांगते?

इथे चित्र तितके उजळ नाही. अमेरिकेतील ऑबर्न विद्यापीठाचे क्लॉड बॉइड हे तळ्यातील पाण्याच्या शास्त्रातील जगमान्य नाव. अमोनिया खाणारे, गाळ कुजवणारे जिवाणू प्रत्येक तळ्यात आधीपासूनच असतात, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांचे काम अडते ते संख्या कमी आहे म्हणून नव्हे. ऑक्सिजन, सामू किंवा तापमान अनुकूल नसते म्हणून ते अडते. या उणिवा तशाच ठेवून बाहेरून आणखी जिवाणू टाकल्यास तेही तिथेच अडतात.

बॉइड आणि ज्युलिओ क्वेरोज यांनी १९९८ मध्ये कॅटफिशच्या तळ्यांवर केलेला प्रयोग बोलका आहे. जिवाणू टाकलेल्या आणि न टाकलेल्या तळ्यांच्या पाण्यात फारसा फरक आढळला नाही. तरीही जिवाणू टाकलेल्या तळ्यांत जगलेल्या माशांचे प्रमाण आणि उत्पादन जास्त भरले. म्हणजे फायदा झाला, पण तो पाकिटावर लिहिलेल्या मार्गाने झाला नाही. त्यानंतर जगभर शेकडो प्रयोग झाले. प्रयोगशाळेतील टाक्यांत निष्कर्ष बहुधा चांगले येतात. उघड्या, मोठ्या तळ्यांत ते कधी चांगले, कधी शून्य येतात. टाकीतले पाणी, हवा आणि तापमान माणसाच्या ताब्यात असते, तळ्यातले नसते.

पूड टाकूनही फरक का पडत नाही?

पहिले कारण निव्वळ गणिताचे. पाकिटावर ‘दर ग्रॅमला १०० कोटी जिवाणू’ असे लिहिलेले असते आणि आकडा डोळे दिपवणारा असतो. एक किलो पुडीत असे एक लाख कोटी जिवाणू झाले. एक हेक्टर तळ्यात सव्वा मीटरच्या आसपास पाणी असेल तर ते भरते सुमारे सव्वा कोटी लिटर. भागाकार केला तर दर मिलिलिटर पाण्याला येतात जेमतेम ८० जिवाणू. तळ्यात आधीपासून असलेल्या जिवाणूंची संख्या दर मिलिलिटरला लाखांत असते. त्या गर्दीत ८० नवख्यांनी स्थान मिळवायचे तर परिस्थिती त्यांच्या बाजूची हवी.

दुसरे कारण ऑक्सिजनचे. एक किलो अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट करायला जिवाणूंना सुमारे साडेचार किलो ऑक्सिजन लागतो. गाळ कुजवायलाही ऑक्सिजनच लागतो. रात्री शेवाळही तो वापरते. पहाटे पाण्यातील ऑक्सिजन दर लिटरला चार मिलिग्रॅमच्या खाली गेला तर कोळंबी आणि जिवाणू दोघेही हतबल होतात. अशा तळ्यात संध्याकाळी आंबवलेले द्रावण ओतणे म्हणजे पहाटेच्या टंचाईत आणखी तोंडे वाढवणे. पाणी सुधारायला टाकलेल्या औषधानेच पहाटे कोळंबी वर येऊन तडफडताना दिसते, ती यामुळे.

तिसरे कारण अल्कलिनिटीचे. पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटचा साठा म्हणजे अल्कलिनिटी. एक किलो अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट होताना सुमारे सात किलो कॅल्शियम कार्बोनेटएवढी अल्कलिनिटी खर्च होते. साठा संपला की सामू घसरतो आणि जिवाणूंचे काम थांबते. चुनखडीची पूड किंवा सोडा टाकून हा साठा भरावा लागतो. अनेक तळ्यांत कमतरता जिवाणूंची नसते, चुन्याची असते.

चौथे कारण सरळ चुकीच्या वापराचे. ब्लीचिंग पावडर, आयोडीन किंवा अन्य जंतुनाशक टाकून दुसऱ्याच दिवशी प्रोबायोटिक टाकले जाते. उरलेले जंतुनाशक चांगला-वाईट असा भेद करत नाही.

गुळाच्या पाण्यात आंबवण्याची पद्धत योग्य का?

खर्च वाचवण्यासाठी शेतकरी थोडी पूड घेऊन ती गूळ किंवा मळी, तांदळाचा कोंडा आणि पाणी यांत एक-दोन दिवस आंबवतात. त्यातून जिवाणूंची संख्या अनेक पटींनी वाढते आणि वर सांगितलेल्या गणिताची अडचण बरीच सुटते. तत्त्व विरजणाचेच आहे. पण विरजणाचा नियमही तोच आहे. भांडे अस्वच्छ असेल तर दही लागण्याऐवजी दूध नासते. न उकळलेले खाडीचे पाणी आणि न धुतलेले पिंप वापरले तर आंबवणात बॅसिलसऐवजी दुसरेच जिवाणू, क्वचित व्हिब्रिओही वाढू शकतात. द्रावणाला आंबूस वास येण्याऐवजी कुजका वास आला तर ते टाकून देणेच शहाणपणाचे. पिंपात काय वाढले, हे डोळ्यांना दिसत नाही. शंका असल्यास प्रयोगशाळेत व्हिब्रिओची मोजणी करून घेणे हाच मार्ग.

बायोफ्लॉक यापेक्षा वेगळे कसे?

इस्रायलमधील योराम अ‍ॅव्हनिमेलेक यांनी १९९० च्या दशकात एक वेगळी वाट दाखवली. बाहेरून जिवाणू आणण्याऐवजी तळ्यात असलेल्यांनाच जेवण द्यायचे. नायट्रोजन भरपूर आणि कर्ब कमी, ही तळ्याची मूळ अडचण आहे. मळी किंवा पिठासारखा कर्बाचा पुरवठा केला की जिवाणू अमोनिया शोषून स्वतःचे शरीर बनवतात. त्यांचे पुंजके तयार होतात आणि कोळंबी ते खातेही. विषाचे खाद्य होते, असे हे तंत्र.

त्याची किंमतही आहे. एक किलो अमोनिया-नायट्रोजन शोषून घ्यायला सुमारे २० किलो कर्बोदके लागतात. पुंजके तरंगते ठेवण्यासाठी आणि त्यांच्या श्वसनासाठी एरेटर दिवसरात्र चालू ठेवावे लागतात. वीज तासाभरासाठी गेली तरी सारे तळे संकटात येऊ शकते. म्हणून बायोफ्लॉक हे अस्तर घातलेल्या, पर्यायी विजेची सोय असलेल्या तळ्यांसाठी आहे. ज्या गावात भारनियमन नेमाने असते, तिथे त्याची नक्कल अंगाशी येते.

उलट्या टोकाला इक्वेडोर आहे. वर्षाला दहा लाख टनांहून अधिक कोळंबी निर्यात करणाऱ्या या देशाने मोठ्या तळ्यांत विरळ बीज सोडण्यावर भर दिला. घाणच कमी झाली की ती साफ करणाऱ्यांची गरजही कमी लागते.

नियमन कुणाचे आणि कितपत?

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये एस. जगन्नाथ खटल्यात किनारपट्टीवरील कोळंबी प्रकल्पांमुळे होणाऱ्या प्रदूषणाबाबत कठोर निकाल दिला. पुढे २००५ मध्ये तटीय जलसंवर्धन प्राधिकरण कायदा झाला. त्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. चेन्नईतील हे प्राधिकरण शेतांची नोंदणी करते, प्रतिजैविकांच्या वापराला मनाई करते आणि संवर्धनासाठीची उत्पादने प्रतिजैविकमुक्त असल्याचे प्रमाणपत्रही देते.

इथे एक बारकावा लक्षात घ्यायला हवा. हे प्रमाणपत्र पाकिटात प्रतिजैविक नाही एवढेच सांगते. पाकिटातील जिवाणू जिवंत आहेत, लिहिले आहेत तेवढे आहेत किंवा ते तळ्यात काम करतील, याची ती हमी नाही. शेतकरी मात्र बरेचदा शिक्का पाहून ‘सरकारमान्य औषध’ असाच अर्थ काढतो. त्यात भर पडते उधारीची. अनेक ठिकाणी बीज, खाद्य आणि औषधे एकाच विक्रेत्याकडून हंगामाच्या बोलीवर उचलली जातात. पाण्याबाबत सल्लाही तोच देतो. सल्ला देणारा आणि माल विकणारा एकच असेल तर ‘काहीही टाकू नका, फक्त खाद्य कमी करा’ हा सल्ला मिळणे कठीण. खाद्यामागचा नायट्रोजनचा हिशेब पाहिला तर अनेकदा योग्य सल्ला नेमका तोच असतो.

कोकणातील तळ्यांची वेगळी अडचण काय?

कोकणाचा पाऊस. आंध्रच्या किनाऱ्याच्या तुलनेत इथे चार महिन्यांत कितीतरी जास्त पाणी कोसळते. पाण्याचा खारेपणा आणि अल्कलिनिटी दोन्ही झपाट्याने उतरतात. ढगाळ दिवसांत शेवाळ ऑक्सिजन कमी तयार करते आणि नेमकी त्याच काळात वीज जाते. खाजण जमिनींच्या काही भागांत मातीच आम्लधर्मी असते. बांधावरून वाहून आलेले पाणी सामू आणखी खाली ओढते. अशा वेळी आंध्रातील तळ्यासाठी लिहिलेले वेळापत्रक जसेच्या तसे वापरणे उपयोगाचे नाही. इथे पाकिटाआधी चुना आणि जनरेटर यांचा विचार करावा लागतो.

आणखी एक प्रश्न सामाईक खाडीचा आहे. एका प्रकल्पाचे सांडपाणी ज्या खाडीत जाते, तिथूनच शेजारचा प्रकल्प पुढच्या भरतीला पाणी घेतो. एकाने रोगट तळ्याचे पाणी तसेच सोडले तर दुसऱ्याने कितीही महाग जिवाणू टाकले तरी उपयोग नाही. त्याच खाडीवर कालवे, शिवल्या आणि मासळी मिळवणारी कुटुंबेही जगतात. सांडपाणी सोडण्यापूर्वी ते साठवून गाळ बसू देणे आणि रोग आला तर शेजाऱ्याला कळवणे, या दोन गोष्टींना पैसे थोडे आणि विश्वास जास्त लागतो. गोव्यातील खाजण शेतीत मानशीची दारे भरती-ओहोटीनुसार कधी उघडायची, हे गावाने मिळून ठरवण्याची जुनी रीत आहे. पाणी कुणा एकाचे नसते, ही समज त्या रीतीत आहे.

मग शेतकऱ्याने पाकीट घ्यावे की नाही?

सरसकट ‘हो’ किंवा सरसकट ‘नाही’ असे उत्तर देता येत नाही, पण खर्चाचा क्रम सांगता येतो. आधी चाचणी केलेले बीज आणि तळ्याच्या ताकदीएवढीच बीजाची संख्या. मग पुरेसे एरेटर आणि वीज गेल्यावर चालणारी पर्यायी सोय. मग चेक ट्रे पाहून खाद्य देणे, म्हणजे दोन तासांनी ट्रेमध्ये खाद्य उरले असेल तर पुढचा हप्ता कमी करणे. मग चुना. हे सगळे झाल्यावर प्रोबायोटिक. हा क्रम उलटा झाला की पैसा वाया जातो.

पाकीट घ्यायचेच असेल तर त्यावर जिवाणूंची नावे, दर ग्रॅम संख्या, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, साठवणुकीचे तापमान आहे का, हे पाहावे. ‘विशेष मिश्रण’ एवढेच लिहिलेले असेल तर आत काय आहे हे विक्रेत्यालाही माहीत नसण्याची शक्यता आहे. सामू, विरघळलेला ऑक्सिजन, अमोनिया आणि अल्कलिनिटी यांची नोंद वहीत ठेवावी. ऑक्सिजन पहाटे आणि सामू पहाटे व दुपारी, असा दोन्ही वेळा मोजावा, कारण तळ्याचा खरा स्वभाव या दोन वेळांतच दिसतो.

सर्वात उपयोगाचा प्रयोग सोपा आहे. सारख्या आकाराची, एकाच बीजाची चार तळी असतील तर दोनमध्ये प्रोबायोटिक टाकावे, दोनमध्ये टाकू नये. बाकी सर्व सारखे ठेवावे. काढणीच्या वेळी जगलेल्या कोळंबीचे प्रमाण, वजन आणि एकूण खर्च शेजारी-शेजारी मांडावे. दोन-तीन हंगामांत स्वतःच्या पाण्यात काय चालते याचे उत्तर मिळते. एका तळ्याचा शेतकरी हे एकटा करू शकत नाही. गावातील चार जणांनी किंवा एखाद्या सहकारी संस्थेने मिळून केले तर शक्य आहे. मत्स्यव्यवसाय विभाग आणि मत्स्य महाविद्यालयांनी अशा नोंदी गोळा करून उघड्या केल्या तर विक्रेत्याच्या शब्दाला तोलायला शेतकऱ्याकडे काहीतरी असेल.

जिवाणू तळ्यातील कामगार आहेत. ते फुकट काम करत नाहीत. त्यांना हवा लागते, चुना लागतो आणि झेपेल एवढेच काम लागते. हे मिळाले तर तळ्यातलेच जिवाणू बरेच काही सांभाळतात आणि बाहेरून आणलेले त्यांना हातभार लावतात. ते मिळाले नाही तर महागातले पाकीटही गाळात जाते आणि त्याची उधारी तेवढी काढणीनंतर शेतकऱ्याच्या नावावर उरते.